एकाच घरात तिघांना एडीएचडी: घर चालवायचं कसं

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि आवेग यांचा विकार. त्याबद्दलचे बहुतेक सल्ले एक गोष्ट गृहीत धरूनच दिलेले असतात. मूल चंचल आहे आणि त्याला सांभाळणारे आईबाप मात्र स्थिर आहेत. रोज ठरल्या वेळी झोपवा, तक्ता करा, त्यावर खुणा करा, शांत आवाजात बोला. पण आईलाच गॅसवर दूध ठेवल्याचं आठवत नसेल, एक मूल टेबलावर चढलेलं असेल आणि दुसरं दप्तर उघडं टाकून खिडकीबाहेर बघत असेल, तर त्या घरात तो तक्ता चार दिवसांत बंद पडतो. मग तक्ता बंद पडल्याचाही दोष कुणाच्या तरी माथी बसतो.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. मी, नवरा, मुलगी, मुलगा आणि सासूबाई अशी पाच माणसं. मला आणि दोन्ही मुलांना एडीएचडी आहे. हा लेख अशाच घरांसाठी आहे. माझं म्हणणं दोन गोष्टींत मावतं. घराची कुठलीही व्यवस्था एका माणसाच्या डोक्यात ठेवू नका; ती भिंतीवर, दारावर, घड्याळात, यंत्रात असू द्या. आणि मुलाची तपासणी करताना, घर प्रत्यक्ष चालवणाऱ्या मोठ्या माणसाचीही तपासणी करून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघाल्या आहेत.

पायरी १: घरातल्या प्रत्येकाकडे नव्यानं बघा

एडीएचडी घराण्यात चालत येतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत त्याची आनुवंशिकता साधारण ७० ते ८० टक्के दिसते, म्हणजे माणसाच्या उंचीच्या जवळपास जाणारी. त्यामुळे एका मुलाचं निदान झालं की भावंडं आणि आईवडील यांचाही विचार करायलाच हवा. ‘अगदी बापावर गेलाय’ असं घरातल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, त्यात बरंच तथ्य असतं. फार साखर खाल्ल्यानं, लाडानं किंवा मोबाइलमुळे एडीएचडी होत नाही. हे घरात एकदा मोठ्यानं आणि सगळ्यांसमोर सांगून टाका, म्हणजे दोष कुणाचा यावर होणारी निम्मी भांडणं मिटतात.

अडचण अशी की एकाच घरात तो प्रत्येकात वेगळा दिसतो. आमचा धाकटा वर्गात उठतो, दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालतो, सायकल मागे न बघता वळवतो. त्याचं निदान लवकर झालं, कारण शाळेतून चिठ्ठ्या येत होत्या. मोठीच्या चिठ्ठ्या कधीच आल्या नाहीत. ती गप्प बसायची. वह्या अर्ध्या, पाण्याच्या बाटल्या हरवलेल्या, एक धडा वाचायला तीन तास, आणि ‘गुणी पण जरा स्वप्नाळू’ असा शेरा. मुलींचं निदान उशिरा होतं ते यामुळेच. त्यांचा त्रास दुसऱ्याला होत नाही, त्यांचा त्यांनाच होतो. मोठ्या माणसांत बाहेरची धावपळ कमी झालेली असते, आतली तशीच असते. दहा कामं सुरू केलेली आणि दोन संपलेली, चटकन भडका, पाहुणे दारात आल्यावर सुरू झालेला स्वयंपाक, आणि दिवसाच्या शेवटी ‘आज आपण केलं काय’ हा प्रश्न.

एक साधी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाला एक पान द्या आणि दोन आठवडे फक्त घडलेलं लिहा: कुठे, किती वाजता, काय झालं. ‘आळशीपणा केला’ असं लिहू नका. ‘गणिताची वही काढायला सांगितल्यावर चाळीस मिनिटं गेली, मध्ये तीनदा उठला’ असं लिहा. डॉक्टरांना याचाच उपयोग होतो. निदानाचे निकष ठरलेले आहेत. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या नियमावलीनुसार लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलता व आवेगाची नऊ लक्षणं आहेत. कुठल्याही एका गटातली मुलांमध्ये किमान सहा आणि १७ वर्षं आणि त्यापुढे किमान पाच असावी लागतात. ती सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा किंवा काम अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावीत, त्यातली काही वयाच्या १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत आणि त्यांच्यामुळे रोजच्या कामात खरोखर अडथळा येत असावा. मोठ्यांनी म्हणूनच माळ्यावरची जुनी प्रगतिपुस्तकं शोधावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा तिसरीतल्या बाईंचा शेरा पंचवीस वर्षांनी पुरावा म्हणून कामी येतो.

पायरी २: निदान कुठे आणि कुणाचं आधी

एडीएचडीची रक्ततपासणी नसते, मेंदूचा फोटो काढूनही तो कळत नाही. तासभर नीट बोलून, घरच्यांकडून आणि शिक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन मानसोपचारतज्ज्ञ किंवा या विषयातले बालरोगतज्ज्ञ निदान करतात. त्यासोबत कान, डोळे, थायरॉइड, रक्तक्षय, झोपेतलं घोरणं, फिट्स, चिंता आणि नैराश्य यांची शक्यताही तपासली जाते, कारण यांतल्या कशानंही मूल बेलक्ष दिसू शकतं. दहा मिनिटांत शिक्का मारून गोळी लिहून देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. मिरज पूर्वीपासून दवाखान्यांचं गाव. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, आणि सांगली-मिरजेत खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. वाळवा, तासगाव, जतकडच्या कुटुंबांनी आधी शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारावं. २०१३ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. कुणाशी बोलावं तेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता क्रम. बहुतेक घरांत मुलाला चार दवाखाने फिरवतात आणि आई ‘माझं नंतर बघू’ म्हणते. माझा सल्ला उलटा आहे. मुलाच्या गोळ्या वेळेवर देणं, शिक्षकांना भेटणं, दर महिन्याला डॉक्टरांकडे जाणं हे सगळं ज्याच्यावर आहे, त्यालाच उपचार न झालेला एडीएचडी असेल तर मुलाचा उपचार महिन्या-दोन महिन्यांत विस्कटतो. पालकांना वर्तन हाताळायला शिकवणारं प्रशिक्षण उत्तम असतं, पण पालकाचा स्वतःचा एडीएचडी अंगावर असला की त्याचा गुण कमी येतो. म्हणून मुलाच्या पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगा, ‘माझीही तपासणी करायची आहे.’ ‘घरच्या बाईला कसला आजार, तिचा स्वभावच धांदरट’ असं कुणी म्हणालं तर तिच्या नवऱ्यानं उत्तर द्यावं. तिला ते द्यायला लावू नये.

पायरी ३: औषधांची शिस्त

औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवा. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत सहसा आधी पालक-प्रशिक्षण करतात, औषध नंतर. ज्या घरात दोघा-तिघांची औषधं चालू होतात त्यांना पुढच्या गोष्टी माहीत असायला हव्यात.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध भारतात शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यातली एक प्रत दुकानदार स्वतःकडे दोन वर्षं ठेवतो. ते विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात ते मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही, प्रत्यक्ष जावंच लागतं. याचा अर्थ असा की विसरभोळ्या घरावर दर महिन्याला एक न विसरता येणारी फेरी येते. आम्ही यावर केलेला उपाय असा: तिघांची भेट एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांकडे, आणि दुकानात साठा आहे का हे विचारायचा फोन त्याच्या आठवडाभर आधी. तो फोन ज्याला एडीएचडी नाही त्यानं करायचा. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं आहे.

एकाच्या गोळ्या दुसऱ्याला कधीही देऊ नका. नाव तेच असलं तरी मात्रा वेगळी असते. एखादी गोळी चार तास चालणारी असते, एखादी आठ ते बारा तास. ‘माझ्या संपल्यात, तुझ्यातली एक घेते’ हे बहुऔषधी घरात सहज तोंडातून निघतं. आठ कप्प्यांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या डब्या घ्या: सात वारांचे सात कप्पे, आठवा प्रवासासाठी. रविवारी रात्री दोघांनी मिळून भरायच्या. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, भरलेला म्हणजे राहिली. आठवणीवर काही सोडायचं नाही. गोळी घेतली की नाही अशी शंका आली तर पुन्हा देऊ नका. मूळ पाकिटं कुलपात ठेवा.

मिथाइलफेनिडेटनं दुपारची भूक मरते आणि कधी झोप उशिरा येते. म्हणून गोळीच्या आधी पोटभर न्याहरी: भाकरी आणि अंडं, थालीपीठ आणि दही, किंवा उपमा आणि शेंगदाण्याची चटणी. डबा परत आला तर रागावू नका, संध्याकाळी सहाला आणि रात्री नीट जेवण द्या. दर तीन-चार महिन्यांनी वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब मोजून घ्या. घराण्यात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल तर औषध सुरू होण्याआधीच सांगा. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध रोज घ्यावं लागतं आणि त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते टाकून देऊ नका. क्लोनिडीन हे आणखी एक औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवू नका, रक्तदाब उसळी मारू शकतो.

औषधाचा असर उतरायच्या वेळी, बहुधा दुपारी चार ते सहाच्या सुमाराला, मूल चिडचिडं होतं. त्याच वेळी आईच्या गोळीचाही असर संपत आलेला असतो. हा दीड-दोन तासांचा पट्टा घरातला सर्वांत स्फोटक पट्टा आहे. त्यात गृहपाठ, हिशेब, प्रगतिपुस्तकाची चर्चा, नातेवाइकांना फोन असं काहीही ठेवू नका. खायला द्या आणि घराबाहेर काढा: सायकल, मैदान, कृष्णेच्या घाटावर चक्कर.

पायरी ४: घर असं मांडा की आठवण ठेवावी लागू नये

माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि हिच्यावरच लोक सर्वांत कमी वेळ खर्च करतात.

एडीएचडीत जी गोष्ट डोळ्यांसमोर नाही ती मनातूनही जाते. म्हणून बंद कपाटं, खोल ड्रॉवर आणि एकावर एक रचलेले डबे आमच्यासारख्या घरांचे शत्रू आहेत. कपाटाची दारं काढून टाका किंवा उघडे रॅक घ्या. डाळी-पिठांना पारदर्शक बरण्या. मुलांचे कपडे घडी करून ठेवण्याचा आग्रह सोडा. तीन टोपल्या पुरतात: शाळेचे, घरचे, खेळायचे. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नाही, घर उघडं दिसतं म्हणाल्या. मग त्यांच्या देवघराला आणि त्यांच्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, आणि बाकी घर आम्ही आमच्या पद्धतीनं लावलं. मोठ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांचा कोपरा त्यांना देणं सोपं जातं.

बाहेरच्या दाराशी एक जागा करा. किल्ल्या, हेल्मेट, डबे, दप्तरं, चष्मे, चार्ज केलेले फोन, सगळं तिथेच. माणूस घरात शिरताना ज्या हाताच्या बाजूला वस्तू टाकतो तिथेच खुंट्या ठोका. चार पावलं लांब ठोकल्या तर कुणी वापरणार नाही. खुंटीवर नाव आणि लहान मुलांसाठी चित्र. रोज हरवणाऱ्या वस्तू दोन-दोन घ्या: कात्री, पट्टी, चार्जर, नेलकटर, कंपासपेटी. हा खर्च शोधाशोधीत रोज जाणाऱ्या अर्ध्या तासापेक्षा स्वस्त पडतो.

प्रत्येक खोलीत काट्यांचं मोठं घड्याळ लावा, बाथरूममध्येसुद्धा. वेळ सरकतेय हे आतून जाणवत नाही, ती बाहेर दिसावी लागते, आणि काट्यांच्या घड्याळात उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो, आकड्यांच्या घड्याळात तो दिसत नाही.

आता स्वयंपाकघर आणि पाणी, कारण खरे धोके इथे आहेत. दुधासाठी शिट्टीचा मिल्क कुकर घ्या. गॅसवर काही असेल तोवर ओट्यापासून हलायचं नाही; हलायचंच असेल तर टायमर गळ्यात घालून हलायचं. आम्ही दोरीला बांधलेला स्वयंपाकघरातला टायमर खरंच गळ्यात घालतो. गीझरला आपोआप बंद होणारं बटण बसवा. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, मोटर लावून माणूस विसरतो आणि टाकी रस्त्यावर वाहते. टाकी भरल्यावर वाजणारा अलार्म किंवा मोटर आपोआप बंद करणारा स्विच इलेक्ट्रिशियन एका दुपारी बसवून देतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असताना शेजाऱ्यांशी होणारी कटकटही त्यानं थांबते.

भिंतीवर एकच मोठा फळा असू द्या, तीन नकोत. त्यावर फक्त आज आणि उद्या. महिन्याचं कॅलेंडर वेगळं, तेही दाराच्या जागेजवळच. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्या पंधरा मिनिटं फळ्यासमोर यायचं. बसलं की विषय भरकटतो. आठवड्याच्या परीक्षा, दवाखाना, फी, लग्न-बारशी, कोण कुणाला आणणार, एवढंच बोलायचं.

पायरी ५: सकाळ

सकाळ खरं तर आदल्या रात्री जेवणानंतर सुरू होते. दप्तर भरून खुंटीवर, गणवेश मोज्यांसकट एका टोपलीत, डब्याची भाजी चिरून फ्रिजमध्ये, गाडीत पेट्रोल आहे का बघून. हे पंधरा-वीस मिनिटांचं काम सगळ्यांनी एकाच वेळी करायचं, एखादं गाणं लावून. एकमेकांच्या शेजारी बसून किंवा उभं राहून काम केलं की एडीएचडी असलेल्या माणसाला काम सुरू करणं सोपं जातं, मग शेजारचा माणूस वेगळंच काम करत असला तरी चालतं. हीच युक्ती गृहपाठाला वापरा: मूल गणितं सोडवतंय, तुम्ही शेजारी मेथी निवडा.

सकाळी तोंडी सूचना कमीत कमी. ‘दात घास, आंघोळ कर, देवाला नमस्कार कर, दूध पी, बूट घाल’ अशी माळ सांगितली की त्यातलं पहिलं किंवा शेवटचं तेवढं डोक्यात उरतं. बाथरूमच्या दारावर क्रमानं पाच चित्रं लावा आणि फक्त ‘कितव्या चित्रावर आहेस?’ एवढं विचारा. अलार्म शाळेच्या वेळेचा लावू नका, निघायच्या वेळेचा लावा, आणि त्याआधी दहा मिनिटांचा आणखी एक. फोन सकाळी मुलांच्याच काय, आईबाबांच्याही हातात नको. पाच मिनिटं म्हणून उघडलेला फोन अर्धा तास खातो. ज्याचं औषध सकाळी असतं त्याला उठण्याच्या अर्धा तास आधी गोळी देऊन पुन्हा पडू द्यायचं, अशी सोय काही घरांत चालते. न्याहरी आधी की गोळी आधी हे मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

पायरी ६: कामांची वाटणी

वाटणी समान करायला जाऊ नका. कुणाला काय जमतं त्यावरून करा. मला बाजारहाट, पाहुणे, अचानक आलेली अडचण हे छान जमतं. बिलं आणि कागद जमत नाहीत. ते नवऱ्याकडे आहेत. त्याच्याकडे आणखी काय काय आहे ते मात्र फळ्यावर लिहिलेलं आहे, कारण ज्या एका माणसाला एडीएचडी नाही तो नकळत सगळ्या घराची आठवणवही होतो आणि दोन-तीन वर्षांत आतून थकतो. त्याला आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण मोकळी हवी, कुणी फोनही करायचा नाही. एखाद्या भावंडाला एडीएचडी नसेल तर त्यालाही आईबाबांपैकी एकाचा स्वतःपुरता वेळ हवा. ‘तू समजूतदार आहेस ना’ हे वाक्य त्याच्या वाट्याला फार वेळा येतं.

परवडत असेल तर भांडी-धुण्याला मावशी ठेवा आणि त्यात कमीपणा मानू नका. वीजबिल, फोन, विमा, हप्ते सगळं ऑटोपेवर टाका. पगार झाला की बचतीची रक्कम आपोआप आरडीला जाऊ द्या. आवेगानं खरेदी करणाऱ्या माणसाचं यूपीआय वेगळ्या, थोडे पैसे असलेल्या खात्याला जोडा; हजारावरची ऑनलाइन वस्तू एक रात्र कार्टमध्ये राहू द्यायची असा नियम सगळ्यांना लागू करा.

पायरी ७: मुलांशी वागणं आणि आपसातली भांडणं

सूचना देताना दुसऱ्या खोलीतून ओरडू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच गोष्ट सांगा आणि दहापर्यंत मोजेस्तोवर थांबा. कौतुक ताबडतोब आणि नेमकं करा: ‘बोलावल्या बोलावल्या आलीस, छान वाटलं.’ महिनाभर चांगलं वागलास तर सायकल, असं बक्षीस या मुलांना पोहोचतच नाही; आजच्या कामाचं आजच हवं. काचेच्या बरणीत एक बटण, पाच बटणं झाली की संध्याकाळी भडंग किंवा वीस मिनिटं बॅडमिंटन. एका वेळी एकच सवय धरा. नवलाई संपली की बरणी बंद पडते, तेव्हा तीन-चार आठवड्यांनी पद्धत बदलायची हे आधीच धरून चाला. शिक्षा लहान, लगेच आणि संपणारी असावी. मारल्यानं आवेग आवरत नाही, मूल फक्त लपवायला शिकतं.

दोन आवेगी माणसं समोरासमोर आली की भांडण मिनिटाभरात टोकाला जातं. घरात शांतता असताना एक शब्द ठरवा. आमचा शब्द ‘पाणी’ आहे. कुणीही, सहा वर्षांच्या मुलानंही, तो म्हटला की दोघांनी बोलणं थांबवून वेगवेगळ्या खोल्यांत जायचं. विषय सोडून द्यायचा नाही. फळ्यावर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी न्याहरीनंतर बोलायचा. रात्री नऊनंतर कुठलाही वाद उघडायचा नाही.

आणखी एक गोष्ट इथे येते. एकाला शांतता हवी असते, दुसरा सतत आवाज करतो. त्यांना समजावत बसण्याऐवजी जागा वाटून द्या: गच्ची उड्यांसाठी, आतली खोली शांततेसाठी, आणि शांतता हवी असलेल्याला कानाला लावायचे जाड हेडफोन.

मुलं मोठी होतात तेव्हा गाडीचा प्रश्न येतो. सांगलीत नववी-दहावीची मुलं मोपेडवर क्लासला जाताना रोज दिसतात. एडीएचडीत अपघातांचं प्रमाण वाढतं. परवाना नसताना तर गाडी देऊच नका, कितीही गैरसोय होवो.

पायरी ८: शाळा

वर्षाच्या सुरुवातीलाच, तक्रार येण्याआधी, वर्गशिक्षकांना भेटा आणि अर्ध्या पानावर चार मागण्या लिहून द्या: खिडकी-दारापासून लांबचा पुढचा बाक, गृहपाठ फळ्यावर किंवा डायरीत लिहिलेला, मध्येच उठायला खडू आणणं किंवा वह्या वाटणं असं एखादं काम, आणि चूक वर्गासमोर न सांगता जवळ येऊन सांगणं. साठ मुलांच्या वर्गातही जमणार नाही, असं यात काही अवघड नाही. लेखी दिलेलं टिकतं.

परीक्षेतल्या सवलतींबद्दल गैरसमज फार आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत; त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, नुसता एडीएचडी नाही. पण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन, लेखन किंवा गणिताची अध्ययन अक्षमताही असते. म्हणून तिची तपासणी वेगळी मागून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. कागदपत्रांना वेळ लागतो, दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करण्यापेक्षा आठवी-नववीतच हे हातावेगळं करा.

पायरी ९: सणवार आणि नातेवाईक

गणपती, दिवाळी, गावची जत्रा या दिवसांत सगळी घडी मोडते, ती मोडू द्या. फक्त तीन गोष्टी धरून ठेवा: गोळी, झोप आणि दिवसातून एकदा दमेपर्यंत खेळ. सजावटीचं, मांडवातलं, पाहुण्यांना आणण्या-पोहोचवण्याचं काम या मुलांना द्या, ती त्यात फुलतात. आत्या, काका, मामी यांना पूर्ण निदान समजावून सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांचं चालू आहे, फरक पडतोय’ एवढं बास. मुलासमोर त्याच्या गोळ्यांची चर्चा कुणी काढली तर विषय तिथेच तोडा, मग माणूस कितीही मानाचा असो. सासूबाई दृष्ट काढतात, काढू द्या. औषधाच्या जागी ती येत नाही तोवर तिच्यात आजीची माया आहे आणि ती मुलाला हवीच आहे.

पायरी १०: पुराची पिशवी

सांगलीत राहून हे लिहिल्याशिवाय भागणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांनी घाईघाईत घरं सोडली त्यांना माहीत आहे, अशा वेळी साधं शांत डोकंही चालत नाही. आमच्यासारख्या घरात पाच माणसं पाच दिशांना धावतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. घर नदीकडच्या भागात असेल तर कुठल्या आकड्याला काय उचलायचं हे जूनमध्येच फळ्याशेजारी लिहून लावा: ३५ ला गाडी उंचावर, ४० ला पिशवी दाराशी, त्यानंतर वाट न बघता बाहेर. आकडे तुमच्या घराच्या उंचीप्रमाणे बदला.

घर उंचावर असलं तरी पिशवी हवीच, कारण रस्ते बंद झाले की शेड्यूल एक्सचं औषध दुसऱ्या गावात नुसतं नाव सांगून मिळत नाही. जूनच्या भेटीत डॉक्टरांना पावसाळ्याची अडचण सांगून चिठ्ठी वेळेत घ्या. चांगल्या जाडीच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मूळ चिठ्ठ्या, निदानाचे कागद, शाळेची प्रमाणपत्रं, आधार कार्डं, थोडी रोकड, चार्जर, मुलांचे हेडफोन आणि खेळायच्या पत्त्यांचा एक जोड ठेवा. शिबिरात किंवा नातेवाइकांकडे आठ दिवस काढायचे तर शेवटच्या दोन वस्तूही औषधाइतक्याच लागतात. सगळ्या कागदांचे फोटो दोन फोनमध्ये. पिशवीच्या बाहेर आतल्या वस्तूंची यादी चिकटवा, आणि यादीखाली दोन नावं लिहा: गोळ्यांच्या डब्या आणि कुलपातली पाकिटं पिशवीत कुणी टाकायची, आणि पिशवी कुणी उचलायची.